आडवा वारा आणि शिकाऊ वैमानिक

विमानाला वाऱ्याचें भय असतें तें उंच आकाशांत, अशी सामान्य माणसाची समजूत असते. झाडें हेलावूं लागलीं आणि त्याच वेळीं डोक्यावरून एखादें लहान विमान जातांना दिसलें, कीं पाहणाऱ्याच्या मनांत त्या वैमानिकाविषयीं काळजी उत्पन्न होते. परंतु वस्तुस्थिति बरीच निराळी आहे. एकसारखा वाहणारा वारा कितीहि जोराचा असला, तरी उंचावरील विमानाला त्याचा फारसा त्रास होत नाहीं. नदीच्या पात्रांत सोडलेली होडी प्रवाहाबरोबर वाहत असते, आणि होडींत बसलेल्या मनुष्याला प्रवाहाचा जोर जाणवत नाहीं. त्याचप्रमाणें विमान आकाशांत सर्वस्वीं हवेचें होऊन गेलेलें असतें. हवा जिकडे सरकेल तिकडे तेंहि सरकतें. वैमानिकाला एवढेंच करावें लागतें कीं, ज्या गांवीं जावयाचें त्याच्या किंचित् वाऱ्याकडील अंगास विमानाचें तोंड धरावयाचें. पैलतीरावरील घाट गांठण्यासाठीं नावाडी नावेचें तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगास धरतो, तीच ही युक्ति होय.

उलटपक्षीं, विमान जमिनीवर उभें असतें तेव्हां तें एखाद्या गाडीसारखें जमिनीच्या स्वाधीन असतें. खरी अडचण या दोन अवस्थांच्या मध्यें आहे. उड्डाणाच्या धांवेंत असे कांहीं क्षण येतात, कीं ज्यांत विमान अर्धें जमिनीचें आणि अर्धें हवेचें असतें. पंखांनीं भार उचलण्यास प्रारंभ केलेला असतो, म्हणून चाकांची पकड सैल होत जाते; पण पंख अद्याप सगळा भार पेलूं शकत नसतात. लहान विमानाच्या बाबतींत ही अवस्था फार तर कांहीं सेकंद टिकते. वारा जर धांवपट्टीला आडवा असेल, तर शिकाऊ वैमानिकाची कसोटी याच सेकंदांत लागते, आणि आडव्या वाऱ्यांतील उड्डाणाचे अपघात होतात तेहि येथेंच.

हा अपघात कसा घडतो, हें समजण्यासाठीं विमान वाऱ्याकडे तोंड करून कां उडवितात, हें प्रथम पाहिलें पाहिजे. पंखाला आधार मिळतो तो जमिनीवरील वेगामुळें नव्हे, तर हवेशीं असलेल्या वेगामुळें. शिकाऊ वैमानिकांच्या जगांत अत्यंत परिचित असलेलें विमान म्हणजे अमेरिकेंतील सेस्ना कंपनीचें १७२ या क्रमांकाचें चार आसनांचें विमान. १९५६ सालापासून आजवर अशीं चाळीस हजारांहून अधिक विमानें तयार झालीं आहेत. हें विमान हवेशीं सुमारें ५५ नॉट वेग आला, कीं नाक उचलून जमीन सोडण्याच्या तयारीस येतें. नॉट म्हणजे ताशीं एक सागरी मैल, अथवा सुमारें १.८५ किलोमीटर. आतां समोरून १५ नॉटचा वारा येत असेल, तर विमान जमिनीवर ४० नॉटनें धांवत असतांनाच पंखांना ५५ नॉटची हवा मिळते. साहजिकच धांव आंखूड होते. उलट वारा पाठीमागून आला, तर तितकाच वेग जमिनीवर अधिक कमवावा लागतो. या विमानाच्या पुस्तिकेंत असा हिशेब दिलेला आहे, कीं समोरच्या वाऱ्याच्या दर ९ नॉटला धांव एकदशांशानें कमी धरावी. पाठच्या वाऱ्याच्या मात्र दर २ नॉटलाच ती एकदशांशानें जास्त धरावी. वाऱ्याकडून मिळणारा लाभ हात राखून मोजावा आणि होणारी हानि सढळपणें मोजावी, असें त्यांतील शहाणपण आहे.

विमानविद्येच्या आरंभापासून ही गोष्ट माहीत होती. अमेरिकेंत किटी हॉक गांवाजवळील वाळूच्या टेकडीवर राइट बंधूंनीं १४ डिसेंबर १९०३ रोजीं आपलें यंत्र प्रथम उडविण्याचा प्रयत्न केला. त्या दिवशीं वारा मंद होता. म्हणून रूळ उताराला मांडून उताराचा वेग घेण्याचें त्यांनीं ठरविलें. विल्बर राइट यंत्रावर होता. यंत्र रुळावरून सुटतांच त्यानें नाक फाजील उचललें; वेग मेला, पंखांचा आधार सुटला आणि साडेतीन सेकंदांत यंत्र वाळूंत आपटलें. दुरुस्तीस दोन दिवस लागले. १७ तारखेस मात्र ताशीं वीस मैलांहून अधिक वेगाचा वारा वाहत होता. रूळ या खेपेस सपाट जागीं, वाऱ्याच्या तोंडावर मांडला होता. ऑर्व्हिल राइट १२ सेकंदांत १२० फूट गेला, आणि त्या दिवसाच्या चौथ्या उड्डाणांत विल्बर ५९ सेकंद हवेंत राहिला. उड्डाणें संपल्यावर यंत्र जमिनीवर उभें असतां एका झोतानें तें उलथून टाकलें, आणि तें पुन्हां कधींहि उडलें नाहीं. ज्या वाऱ्यानें त्याला उचललें होतें, त्याच वाऱ्यानें जमिनीवर असतां त्याचा मोड केला.

पुढें पुष्कळ वर्षें विमानांना ठराविक धांवपट्टी नव्हतीच. विमानतळ म्हणजे एक विस्तीर्ण, चोहोंबाजूंनीं मोकळें गवताळ मैदान. वैमानिक वाऱ्याची दिशा पाहून विमान नेमकें वाऱ्याकडे वळवी आणि उडे. मुंबईस जुहू येथें १९२८ सालीं सुरूं झालेला विमानतळहि आरंभीं मातीच्या मैदानासारखाच होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून टपाल घेऊन जहांगीर रतनजी टाटा तेथेंच उतरले. आणि पावसाळ्यांत तें मैदान चिखलानें भरून जाई, म्हणून टपालाचीं विमानें त्या दिवसांत पुण्यास न्यावीं लागत. मैदानावर आडव्या वाऱ्याचा प्रश्न सहसा उद्भवत नसे. विमानें जड झालीं, चिखल व खड्डे त्यांना सोसेनात, तेव्हां सिमेंटच्या व डांबरी पट्ट्या आल्या. आणि पट्टी आली तशी तिची दिशा कायमची ठरून गेली. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटनमधील बाँबफेकी विमानांच्या तळांवर तीन पट्ट्या त्रिकोणांत मांडीत, त्या यासाठींच, कीं वारा कोणताहि असला तरी त्यांतली एक पट्टी त्याच्या जवळपास यावी. पण जमीन महाग, खर्च मोठा. म्हणून पुष्कळ ठिकाणीं एकच पट्टी असते आणि वारा आपल्या मर्जीप्रमाणें वाहतो.

पट्टीच्या तोंडाशीं मोठे आंकडे रंगविलेले असतात. ते तिची दिशा सांगतात. उत्तरेपासून अंश मोजून शेवटचा आंकडा गाळला, कीं पट्टीचा क्रमांक मिळतो. मुंबईच्या मोठ्या विमानतळाची मुख्य पट्टी पूर्वेकडे तोंड केल्यास ०९, म्हणजे ९० अंश, आणि पश्चिमेकडे तोंड केल्यास २७, म्हणजे २७० अंश अशी आहे. समजा, पावसाळ्यांत वारा नैर्ऋत्येच्या बाजूनें, २४० अंशांवरून, २० नॉटनें येत आहे. पट्टी २७० अंशांची, म्हणजे दोहोंमधील कोन ३० अंशांचा. अशा वेळीं वाऱ्याचा निम्मा जोर, म्हणजे १० नॉट, आडवा लागतो. कोन ४५ अंश झाला तर १४ नॉट, ६० अंश झाला तर १७ नॉट, आणि काटकोन झाला तर सगळेच्या सगळे २० नॉट आडवे. या हिशेबांतील लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही, कीं वारा थोडा तिरपा दिसला म्हणून आडवा जोर थोडाच असेल असें नाहीं. तीस अंशांतच तो निम्म्यावर जातो. शिवाय वारा झोतांनीं येत असेल, तर हिशेब सरासरीचा न करतां झोताचा करावयाचा असतो.

या आडव्या जोराचे विमानावर तीन परिणाम होतात. पहिला परिणाम असा, कीं विमान वाऱ्याकडे तोंड फिरवूं पाहतें. वाऱ्याची दिशा दाखविणारें पत्र्याचें पातें श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्याची मागची बाजू रुंद असते म्हणून वारा तिला ढकलतो आणि टोंक वाऱ्याकडे वळतें. विमानाची उभी शेंपटी हें तसेंच एक मोठें पातें आहे. दुसरा परिणाम पंखांवर होतो. लहान विमानांचे पंख सामान्यतः टोंकांकडे किंचित् वर चढलेले असतात. त्यामुळें ज्या अंगानें वारा येतो त्या अंगाच्या पंखाखालीं तो शिरतो आणि तो पंख वर उचलूं लागतो. तिसरा परिणाम म्हणजे चाकें हलकीं झाल्याबरोबर सबंध विमानच वाऱ्याच्या खालच्या अंगास सरकूं लागतें.

यांत एका घरच्या भेद्याचीहि भर पडते. सेस्नासारख्या अमेरिकन विमानांत बसून पाहिलें असतां पुढचा पंखा घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरतो. एंजिन पूर्ण जोरांत लावलें, कीं पंख्यानें मागें फेंकलेला हवेचा पीळ शेंपटीच्या डाव्या बाजूस आदळतो, आणि विमानाचें नाक डावीकडे ओढ घेऊं लागतें. वारा उजवीकडून असेल तर ही ओढ आणि वाऱ्याची ओढ एकमेकींस थोडीफार कापतात. वारा डावीकडून असेल तर मात्र दोघी एकच दिशा धरतात. म्हणून तितकाच वारा डावीकडून आला, तर शिकाऊ माणसाला तो अधिक जड जातो.

याला उपाय आहे आणि तो फार जुना आहे. धांव सुरूं होण्यापूर्वींच हातांतील चक्र वाऱ्याच्या बाजूस पूर्ण फिरवून ठेवावयाचें. त्यानें पंखांच्या मागच्या कडेस टोंकाशीं बसविलेल्या एलरॉन नांवाच्या फळ्या हलतात आणि वाऱ्याकडील पंख खालीं दाबून धरला जातो. वेग वाढेल तशी या फळ्यांची शक्ति वाढते, म्हणून चक्र हळूहळू सोडीत आणावयाचें. शेंपटीचें सुकाणूं पायांनीं चालतें; त्यावर वाऱ्याच्या उलट बाजूचा पाय ठेवून नाक पट्टीच्या मध्यरेषेवर राखावयाचें. वारा डावीकडून असेल तर हात डावीकडे आणि पाय उजवीकडे, असा हा विरोधाचा मेळ आहे. विमान नेहमीपेक्षां थोडा अधिक वेग येईपर्यंत जमिनीवर धरून ठेवावयाचें आणि मग एकदांच निश्चितपणें उचलावयाचें, म्हणजे तें पुन्हां जमिनीवर टेकणार नाहीं. जमीन पुरती सुटल्यावर नाक वाऱ्याकडे थोडें वळूं द्यावयाचें. येथून पुढें नावाड्याचीच युक्ति चालते.

कागदावर हें सोपें दिसतें. शिकाऊ माणसाच्या अंगीं मात्र दुसऱ्याच संवयी मुरलेल्या असतात, आणि त्यांतील सर्वांत घातक संवय मोटारीची. वारा डावीकडून आहे, एंजिन पूर्ण जोरांत आहे, नाक डावीकडे जात आहे. मोटार डावीकडे गेली तर मनुष्य चक्र उजवीकडे फिरवितो. विमानांतहि त्याचे हात तेंच करतात. पण या चक्रानें विमान जमिनीवर वळत नाहीं. चक्र उजवीकडे फिरतांच डाव्या पंखाची फळी खालीं जाते आणि डावा पंख वर उचलला जातो. म्हणजे जो पंख वारा आधींच उचलीत आहे, त्याला वैमानिक आपल्या हातानें मदत करतो. इतकेंच नव्हे, तर खालीं आलेली फळी हवेला अधिक अडविते, त्यामुळें डावी बाजू मागें खेंचली जाते आणि नाक आणखी डावीकडे वळतें. एका चुकीनें दोन संकटें वाढतात, आणि हात जितका नेटानें फिरवावा तितकीं तीं अधिक वाढतात.

यापुढील क्रम बहुधा ठराविक असतो. विमान उजव्या चाकावर कलंडत पट्टीच्या डाव्या कडेकडे जाऊं लागतें. वैमानिकाला कड जवळ येतांना दिसते. वेग अद्याप पुरेसा झालेला नसतो. पण कडेपलीकडचें गवत, खड्डे, दिवे टाळण्याचा त्याला एकच मार्ग सुचतो, आणि तो म्हणजे वर जाणें. तो चक्र आपल्याकडे ओढतो. विमान उठतें! येथेंच सर्वांत मोठी फसवणूक आहे. पंखांच्या एकंदर लांबीइतक्या उंचीच्या आंत, म्हणजे या विमानाच्या बाबतींत सुमारें ११ मीटरच्या आंत, जमिनीच्या सान्निध्यामुळें हवेचा विरोध कमी होतो आणि विमान अपुऱ्या वेगांतहि तरंगूं शकतें. जमिनीपासून कांहीं हात वर जातांच ती उसनी मदत आटूं लागते. नाक उंच, वेग अपुरा, पंखांवरून जाणारी हवा तुटते, यालाच इंग्रजींत स्टॉल म्हणतात. एक पंख खालीं पडतो, त्याचें टोंक जमिनीला लागतें, आणि विमान त्याच्याभोंवतीं फिरून आपटतें. उंची थोडी असल्यामुळें सांवरण्यास अवकाशच नसतो.

कधीं याच्या उलट प्रकार घडतो. पाय उशिरां पडतो आणि मग घाबरून फार जोरानें पडतो. नाक उजवीकडे फेंकलें जातें, पुन्हां डावीकडे, आणि प्रत्येक हेलकावा पहिल्याहून मोठा होतो. किंवा विमान लौकर उडी मारतें, हवेंत कडेला सरकतें आणि तसेंच तिरपें सरकत पुन्हां टेकतें. चाकें सरळ धांवण्यासाठीं केलेलीं असतात, आडव्या भारासाठीं नव्हेत. अशा वेळीं तीं मोडून पडतात. एकट्यानें उडणाऱ्या विद्यार्थ्याला ही उडी अधिक चकविते, कारण शेजारचा शिक्षक उतरल्यामुळें विमान सत्तर-ऐंशी किलोनें हलकें झालेलें असतें आणि संवयीपेक्षां लौकर उठतें.

जुन्या काळच्या विमानांत ही कसोटी याहून कठीण होती. १९३१ सालीं प्रथम उडालेलें टायगर मॉथ घ्या. त्यावर हिंदुस्थानांतीलहि पुष्कळ वैमानिक शिकले. त्याचीं मुख्य चाकें पुढें आणि शेंपूट जमिनीला टेकलेली, म्हणजे भाराचा मध्य चाकांच्या मागें. हातगाडी ओढीत नेली तर मुकाट्यानें मागून येते, पण पुढें ढकलीत नेली तर थोडी वांकडी झाली कीं अधिकच वांकडी होत जाते. तसाच हा प्रकार. अमेलिया एअरहार्ट ही जगप्रसिद्ध वैमानिक २० मार्च १९३७ रोजीं होनोलुलूच्या ल्यूक फील्डवरून उडत असतां तिचें दोन एंजिनांचें, अशाच बांधणीचें विमान धांवेंत एका बाजूस वळलें, गरकन फिरलें आणि चाकें मोडून बसलें. त्या अपघाताच्या कारणाविषयीं मतें निरनिराळीं आहेत. परंतु अशी बांधणी वांकड्या धांवेला किती थोडी क्षमा करते, हें त्यावरून दिसतें. नाकाखालीं तिसरें चाक असलेल्या आजच्या विमानांत भाराचा मध्य मुख्य चाकांच्या पुढें असतो आणि धांव आपोआप सरळ होऊं पाहते. म्हणून आजचा विद्यार्थी भाग्यवान आहे. मात्र या सोयीमुळें पायांचा वापर शिकण्याची गरज त्याला उशिरां कळते.

आतां प्रश्न असा, कीं नाक वांकडें जाऊं लागल्यापासून पंख जमिनीला लागेपर्यंत या संकटांतून सुटण्याची संधि येते कीं नाहीं? येते, आणि ती अत्यंत साधी असते. एंजिनाचा दांडा मागें ओढून जोर बंद करावयाचा, चक्र वाऱ्याकडेच ठेवावयाचें, पायांनीं दिशा सांभाळावयाची आणि थांबावयाचें. जोर बंद होतांच पंख्याची डावी ओढ नाहींशी होते, वेग उतरतो, भार पुन्हां चाकांवर येतो. फार झालें तर विमान गवतांत जाईल, एखादा दिवा मोडेल, चाकाचें नुकसान होईल. आघाताची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. म्हणजे ३० नॉटनें होणाऱ्या धक्क्याच्या चौपट धक्का ६० नॉटनें बसतो. जमिनीवर ३० नॉटनें झालेली फजिती आणि हवेंतून पंखावर पडणें, यांत जीव आणि धातु यांच्याइतकें अंतर आहे.

तरीहि विद्यार्थी दांडा मागें ओढीत नाहीं. यांत भ्याडपणा किंवा मूर्खपणा नसतो. त्यानें आजवर जितक्या वेळां दांडा पुढें लोटला तितक्या वेळां शेवटीं तो आकाशांत गेलेला असतो; हाताला तोच एक शेवट माहीत असतो. शिवाय त्या दिवसाचा धडा ठरलेला असतो, शिक्षक दूरवरून पाहत असतो, विमानाचें तासाचें भाडें भरलेलें असतें. म्हणून चांगले शिक्षक उड्डाण अर्धवट सोडण्याचा सराव मुद्दाम करून घेतात. विद्यार्थी चांगला धांवत असतांना, कसलेंहि संकट नसतांना, ‘सोड’ म्हणून सांगतात, आणि हात मागें येण्याची संवय लावतात.

सुटण्याची याहूनहि सोपी संधि धांवेच्या आधीं येते. प्रत्येक विमानतळावर खांबाला एक कापडी, निमुळती, दोन्ही तोंडांनीं उघडी पिशवी लावलेली असते. तिचें बारीक टोंक वारा जिकडे जातो तिकडे असतें, आणि वारा वाढेल तशी ती ताठ होते. अमेरिकेंतील प्रमाणित पिशवी १५ नॉटच्या वाऱ्यांत पूर्ण ताठ राहते. आणि १५ नॉट हाच आंकडा सेस्ना १७२ च्या पुस्तिकेंतहि आहे. तेवढ्या आडव्या वाऱ्यांत तें विमान चालवून दाखविलेलें आहे. दोन आसनी सेस्ना १५२ साठीं तो आंकडा १२ नॉट आहे. पण या आंकड्याचा अर्थ नीट समजला पाहिजे. कारखान्याच्या कसलेल्या वैमानिकानें परीक्षेंत एवढ्या वाऱ्याला तोंड दिलें, इतकाच तो आहे. पंधरा-वीस तास उडालेल्या विद्यार्थ्याला तें जमेल, असें आश्वासन त्यांत मुळींच नाहीं. म्हणून अमेरिकेंत एकट्यानें उडूं देतांना शिक्षक विद्यार्थ्याच्या वहींत त्याच्यापुरत्या मर्यादा लिहून देऊं शकतो आणि त्या ओलांडण्यास कायद्यानें बंदी आहे. भारतांत आणि अमेरिकेंत दोन्हीकडे, विमान चालविण्यास शिकणाऱ्याला वयाचीं सोळा वर्षें पुरीं झाल्यावांचून एकट्यानें उडतां येत नाहीं.

न उडण्याचा निर्णय किती कठीण असतो, हें अमेरिकेंतील एका दुर्दैवी घटनेवरून दिसून येईल. एप्रिल १९९६ मध्यें कॅलिफोर्नियांतील हाफ मून बे येथून सात वर्षांची एक मुलगी विमानानें देश ओलांडण्यास निघाली. ती डाव्या आसनावर उशी घेऊन बसे. पाय पोंचावेत म्हणून पायपट्ट्यांना जोड दिलेले होते. शेजारीं तिचा शिक्षक होता आणि कायद्यानें विमानाचा वैमानिक तोच होता. मागें तिचे वडील होते. देशभर वर्तमानपत्रांतून आणि दूरदर्शनवरून या प्रवासाचा गाजावाजा चालला होता, आणि पुढच्या प्रत्येक मुक्कामाची वेळ ठरून गेलेली होती.

११ एप्रिलच्या सकाळीं वायोमिंग राज्यांतील शायेन येथें पाऊस व गडगडाट जवळ आले होते. पट्टी ३०, म्हणजे ३०० अंशांची. वारा २८० अंशांवरून २० नॉट आणि झोत ३० नॉटपर्यंत. कोन अवघा २० अंशांचा होता, म्हणून आडवा जोर सात ते दहा नॉटच होता; पण झोत मोठे होते. त्यांच्या आधीं उडालेल्या विमानाच्या वैमानिकानें वाऱ्याचा वेग एकाएकीं बदलत असल्याचें कळविलें होतें. शायेन समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांहून उंच असल्यामुळें तेथील हवा विरळ. विमान सेस्ना १७७, ठरलेल्या मर्यादेपेक्षां सुमारें ४४ किलो अधिक भरलेलें. असें असतां तें उडालें. लागलीच तें उजवीकडे वळूं लागलें, आणि समोरचा वारा वळणांत आडवा व मग पाठचा होऊं लागला.

एकसारख्या वाऱ्यांत वळल्यानें विमानाचा हवेशीं असलेला वेग बदलत नाहीं. पण जमीन खालून अधिक वेगानें पळूं लागते. थोड्या उंचीवर, पावसांत, क्षितिज दिसत नसतांना, वैमानिकाला आपला वेग पुरेसा आहे असें वाटूं शकतें. चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें असा डोळ्यांचा भ्रम झाला असण्याची शक्यता नमूद केली. वेग कमी पडला, पंखांचा आधार सुटला, आणि विमान पट्टीपासून थोड्याच अंतरावरील वस्तींत कोसळलें. तिघेंहि मृत्युमुखीं पडलीं. त्या वेळीं विमान मुलगी चालवीत नव्हती, शिक्षक चालवीत होता, असाच मंडळाचा निष्कर्ष होता. अशा हवेंत, जादा भारानें, अपरिचित विरळ हवेंत उडण्याचा शिक्षकाचा निर्णय चुकीचा होता, आणि फाजील महत्त्वाकांक्षी वेळापत्रक पाळण्याची इच्छा त्यास साहाय्यभूत झाली, असें मंडळानें ठरविलें. त्याच वर्षीं अमेरिकेच्या कायदेमंडळानें परवाना नसलेल्या मुलांकडून विक्रमासाठीं विमान चालवून घेण्यास बंदी करणारा कायदा केला.

त्या सकाळीं विमानांत शिकणारी होती आणि शिकविणाराहि होता. वाऱ्याचे आंकडे मनोऱ्यावरून सांगितले गेले होते, आणि ढग डोळ्यांना दिसत होते. उणीव ज्ञानाची नव्हती. ‘आज नको’ असें म्हणावयाचें होतें, आणि सर्व व्यवस्थाच अशी झाली होती कीं तें म्हणणें दर मुक्कामाला अधिक कठीण व्हावें. गांवाबाहेरच्या लहानशा विमानतळावर एकट्यानें धांवपट्टीवर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यावर इतकें मोठें दडपण नसतें. पण असतें तें त्याच जातीचें. म्हणून त्याला चक्र आणि सुकाणूं शिकवितांना हेंहि शिकवावें लागतें, कीं आज आपण किती आडव्या वाऱ्यापर्यंत उडावयाचें, तो आंकडा घरून निघतांना ठरवावा, तळावर पोंचल्यावर नव्हे. पिशवीकडे पाहावें, कोन मोजावा, झोत धरून हिशेब करावा. हिशेब आपल्या आंकड्याच्या वर गेला, तर विमान परत छपराखालीं लावावें. दिवसां जमीन तापल्यानें उठलेला वारा पुष्कळदां सूर्यास्ताच्या सुमारास मंदावतो, आणि सकाळीं लौकर तो बहुधा शांत असतो. राहिलेला धडा त्या वेळीं घेतां येतो.